आईचं रडणं

मी कॉलेजसाठी पुण्याला निघालो तेव्हा सोलापूर स्टेशनवर आई आली नव्हती. माझी धाकटी बहीण सोनी तापानं जाऊन महिनाही झाला नव्हता आणि आई उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. गिरणीची पाळी बुडवून आबा, माझे वडील, तेवढे आले. गाडी हलली तेव्हा म्हणाले, "शीक. हिकडची काळजी करू नगंस."

पुण्यात कॉलेजच्या आवारात नुकतंच दगडी नाट्यगृह उभं राहिलं होतं. विजेचे दिवे, मखमली पडदा. माळशिरसकडचं रान सोडून गिरणीच्या चाळीत आलेल्यांतला मी; तिथं पाय ठेवायलाही संकोच वाटे. पण एरवी माझ्या बोलीला हसणारी मुलं, मी तिथं नाटकातली वाक्यं बोललो की हसत नसत, म्हणून मी तिथंच रमलो. मुलींना नाटकात उभं राहायची परवानगी नव्हती. एका संमेलनात मुलगी गमावलेल्या आईचं काम माझ्याकडे आलं.

आबांना मीच बोलावलं. डोक्याला पटका, पायांत जाड वहाणा, ते मागच्या रांगेत बसले. तालमीत मला रडणं कधी साधलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र मी आपोआप खाली बसलो, तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि आवाज न काढता तळहात भुईवर आपटत राहिलो. सोनीला नेलं तेव्हा आई तशीच रडली होती. नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं.

मी रंगपटात लुगडं सोडत होतो, तर दारात आबा.

"लुगड्याचं काय न्हाय," ते म्हणाले. "पर तुज्या आईचं रडं तू लोकांस्नी दावलंस. त्यांनी टाळ्या वाजवल्या."

"ठरवून न्हाय केलं, आबा."

"ठरवून केलं असतंस तर मुस्काडात दिली असती. आता काय करू?"

ते चालतच स्टेशनकडे गेले. त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत. पुढं कापसाच्या धुळीनं छाती भरून गेले.

आता मी त्याच कॉलेजात शिकवतो, मुलांची नाटकं बसवतो. स्वतः पुन्हा उभा राहिलो नाही. सुट्टीत आई विचारते, "बा तुझ्यावर कशापायी रुसला हुता रं?" आबांनी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही सांगत नाही.

चाळीतली माणसं विचारतात, पुण्यात घर केलंस का? पुण्यात मला खोली आहे. घर सोलापुरातच आहे. तिथं आईजवळ बसून मी सगळं बोलतो, ती एक गोष्ट सोडून.