बाबांची वाढलेली पूजा

मंडळी, आज जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझे बाबा सांगलीचे. आमच्या ह्यांची बदली चंडीगडला झाली, तेव्हापासून बाबा आमच्याकडेच असतात. वर्षानुवर्षांच्या शुगरने त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आता डायलिसिस चालू आहे आणि दिवसभरात पाणी अगदी मोजकं. त्यात इथला उन्हाळा!

आज डायलिसिसच्या आधी वजन केलं, तर पुन्हा जास्त. अंगात पाणी साठलेलं. सिस्टरने विचारलं, "अंकलजी, इतना पानी कौन पिला रहा है?" मीच ठासून सांगितलं, पाणी माझ्याच हातून मिळतं, मोजून.

संध्याकाळी त्यांना जेवायला बोलवायला निघाले, तर माझी लेक म्हणाली, "आजोबा तो फिर से पूजा कर रहे हैं."

जन्मात कधी देवासमोर न बसलेला माणूस हल्ली सकाळ-संध्याकाळ पूजा करतो. मला वाटायचं, आजारपणात श्रद्धा जडली असेल. बरंही वाटायचं.

दारातून पाहिलं. बाळकृष्णाला अंघोळ घातलेलं ताम्हन दोन्ही हातांनी तोंडाला लावून बाबा घटाघटा पीत होते.

मी दिसताच ओशाळले. "तीर्थ आहे गं," म्हणाले. "तीर्थाला नाही म्हणू नये."

पाणी त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होतं आणि ते तेही बोटाने टिपून चाटत होते.

तुम्हीच सांगा, उद्या सकाळी देवापुढचा तांब्या भरून ठेवू की रिकामा?