बऱ्या झालेल्या बाईची गाठ

बायॉप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "स्तनाचा कॅन्सर आहे. गाठ कधीपासून होती?" माझी बायको शोभा खाली बघत राहिली. मीच म्हणालो, "गाठ गेलती की, साहेब." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच कीव आली.

वर्षापूर्वी गाठ लहान होती. बायॉप्सी तेव्हाच सांगितली होती, पण ऑपरेशनचं नाव काढलं की शोभाला घाम फुटायचा. शेजारीण तिला पिरनवाडीच्या ख्रिस्ती प्रार्थना हॉलमध्ये घेऊन गेली. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून, तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. घरी आली आणि गाढ झोपली. दवाखान्यात तिला टोकनच्या नंबरानं हाक मारत होते. म्हणून मी तिला अडवलं नाही. आमचे वडगावातले विणकामाचे माग चालवायचे की देवाशी वाद घालायचा?

पुढे तिनं साक्ष दिली, म्हणजे माइकवर सगळ्यांना सांगितलं, की गाठ विरघळली. दुखायचं थांबलं होतं, तिला खरंच तसं वाटलं. मग दर रविवारी नव्या आजाऱ्यांना धीर द्यायला तिलाच बसवायचे. गाठ परत हाताला लागायला लागली, तेव्हा ती सांगणार कुणाला? दुखतंय म्हणजे तुझा विश्वास कमी पडला, असं तिथं सगळे धरून चालतात. ती ब्लाउजच्या आत कापडाची घडी ठेवू लागली. मला ब्लाउजवर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

"आधी केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरचं औषध. मग ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. "उशीर झालाय, पण हात टेकायची वेळ आलेली नाही."

शोभा तयार होईना. मी पास्टरांना भेटलो. ते गोड बोलले. औषध घ्या की, आम्ही कधी नको म्हटलं? फक्त हॉलची पुढची मोठी प्रार्थना सभा होईपर्यंत कुणाला सांगू नका, लोकांचा विश्वास डळमळेल. मी पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठलो.

शेवटी शोभा म्हणाली, "हॉलात येणाऱ्या जांबोटीच्या पार्वतीला मी सांगितलंय, माझी गेली, तुझीबी जाईल. आधी तिच्याकडं न्या मला. मग कुठंबी चला."

बसनं जांबोटी, पुढं पायी. ती चार पावलं चालली की बसायची. मी पार्वतीच्या अंगणातच थांबलो. दार उघडं होतं.

"पार्वती, माझी गाठ गेलेली न्हाय गं. कॅन्सर हाय. तू तपासून घे."

पार्वतीनं शोभाला हाताला धरून खाली बसवलं. मग पार्वती म्हणाली, "आक्का, माझी तरी कुठं गेलीया? तुमच्याकडं बघून मीबी साक्ष दिली. तुमची गेली आन् माझीच ऱ्हायली, असं कुणाला सांगू?"

दोघी रडल्या. मीही रडलो. दुसऱ्या दिवशी शोभानं केमो घेतली. पार्वतीचं पुढं ऑपरेशन झालं.

तुमच्याही घरात कुणी देवळातून, दर्ग्यातून, हॉलमधून बरं होऊन आलं, तर आनंद करा. पण अजून दुखतंय असं म्हणायला त्या माणसाला जागा ठेवा. शोभाचे केस गेलेत, जेवण जात नाही, आणि मीही थकलोय. पुढं काय, ते डॉक्टरही सांगत नाहीत. पण आता दुखलं की ती मला हाक मारते. देव कुठल्याही हॉलातला असो, एवढ्यासाठी मी त्याचे आभार मानतो.