काही न खोडणारे खोडरबरकाका

फोटो स्टुडिओतल्या त्या माणसाला सगळे खोडरबरकाका म्हणत. तरुणपणी ते निगेटिव्हवरचे मुरूम, व्रण आणि नकोशी माणसं ब्लेडने, पेन्सिलीने उडवत. तेव्हा चिकटलेलं नाव आजतागायत निघालं नाही. आता मात्र काका काहीच खोडत नाहीत आणि नेमकं त्यामुळेच स्टुडिओच्या मालकाचं डोकं फिरतं.

याला कारण काकांच्या घरचंच. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा त्यांची आई गेली. घरातल्या सगळ्यांचा एकच फोटो होता, तोही कॉम्प्युटरमध्येच. भिंतीवर लावायला काकांनी त्यात फक्त आईला ठेवलं, बाकीच्यांना पुसलं आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. दोन वर्षांनी भाऊही गेला. काकांनी धडपडत ती फाइल उघडली, तर भावाच्या जागी राखाडी-पांढऱ्या चौकटी. रिकामी जागा पडद्यावर अशीच दिसते. त्या चौकटींसमोर काका हमसून हमसून रडले.

तेव्हापासून ते फक्त झाकतात. फोटोच्या लेयरला, म्हणजे थराला, मास्क लावायचा. त्यावर काळा ब्रश फिरवला की माणूस दिसेनासा होतो, पांढरा फिरवला की जिथल्या तिथे हजर. खाली सगळं शाबूत. फाइल अर्थातच फुगते.

"तुमच्या एका फोटोत माझे दहा मावतील!" मालक करवादायचा. गेल्या वर्षी तर त्याने जुन्या फाइलींचे सगळे लेयर स्वतः एकत्र करून टाकले.

आणि आज काकांसमोर शिवणकाम करणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. सहा वर्षांपूर्वी त्या वडिलांचा फोटो घेऊन आल्या होत्या. मधे वडील, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला त्यांची धाकटी बहीण. घराच्या वाटणीवरून बहिणींचं फाटलं होतं. "हिला उडवा, तोंड बघायचं नाही मला," असं बाई तेव्हा ठणकावून म्हणाल्या होत्या.

आज मात्र बाई अजिजीने म्हणाल्या, "काका, धाकटीचा फोन आला. म्हणाली, बाबांबरोबरचा तो फोटो आहे ना तुझ्याकडे? रविवारी येते बघायला. आणि मी तर मूळ फोटो त्याच दिवशी फाडला हो, तिच्या बाजूने! तिला कळलं तर आल्या पावली परत जाईल. तिला परत बसवता येईल का त्यात?"

काकांनी फाइल उघडली. लेयर एकच. लेयर एकत्र करताना मालकाने धाकटीला कायमचं पुसलं होतं. बाई खुर्चीत बसल्या.

काका मात्र उठले. ब्लेडच्या जुन्या डबीशेजारी त्यांनी स्वतःच्या खर्चाने घेतलेली एक डिस्क होती, मालकाला पत्ता नसलेली. तिच्यात झाकलेला प्रत्येक माणूस जपून ठेवलेला होता.

पांढरा ब्रश फिरू लागला. आधी धाकटीची वेणी आली, मग कान, मग ते खोडकर हसू. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"थांबा, अजून आहे," काका म्हणाले. बाईंच्या ड्रेसच्या खांद्यावर त्यांनी तेव्हा फुलाफुलांचं एक ठिगळ वेगळ्या लेयरवर बसवलं होतं. तो लेयर त्यांनी बंद केला.

फोटोतल्या बाईंच्या खांद्यावर चार बोटं उमटली. धाकटीने वडिलांच्या पाठीमागून हात लांब करून ताईला धरलं होतं.

"हे... हे तेव्हाही होतं?"

"होतं की. तिला काढायचं म्हटल्यावर हेही झाकावं लागलं. तुमच्या ड्रेसची फुलं जुळवता जुळवता नाकी नऊ आले होते माझ्या."

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. काका प्रिंटरमध्ये कागद लावायला वळले.

"आत्ता प्रिंट नका काढू, काका," त्या म्हणाल्या. "रविवारी तिला इथेच घेऊन येते. फाटका फोटोही आणते बरोबर. तो मी फाडला, हे माझ्याच तोंडून ऐकू दे तिला."