सकाळचा मिस कॉल

रडत्या माणसाला हसवण्यात वडवणी तालुक्यात माझा हात धरणारा कुणी न्हाई. फक्त एक गडी काही केल्या हसला न्हाई, तो म्हणजे मीच. बायको गेली अन् जगावंसंच वाटंना. पोरानं धरून दवाखान्यातल्या समुपदेशनाच्या मॅडमकडं नेलं. तवापासून दर गुरुवारी तिच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर असतो. लोक तिथं रडायला येतात, मी रडून झालं की किस्से गोळा करून घरी येतो.

पहिल्या दिवशी मॅडमला लागोपाठ विनोद सांगितले. नातीच्या वयाची पोरगी, पण ओठ हलला न्हाई. शेवटी म्हणाली, "झालं आबा? आता खरं सांगा."

मग असा रडलो, की बाकड्यावरचे लोक आपापलं रडणं विसरून दाराला कान लावून बसले.

*

त्या बाकड्यावर कमल भेटली. जीव द्यायला निघालेली, मॅडमनं माघारी आणलेली. ऊसतोडीला गेली की गुरुवारी फोनवर बोलायची. एकदा फडात मुकादम खेकसला, "कोयता टाकून कुणाशी बोलती गं?"

"माझ्या मॅडमशी. गप उभा राहा."

उभा राहिला. सगळं ऐकलं. पुढच्या गुरुवारी हळूच म्हणाला, "कमलताई, फोन ठेवू नको. माझं बी जरा हाय."

*

मला मॅडमनं नेम घालून दिला: सकाळी चहा झाला की मिस कॉल. एक रिंग वाजली, म्हणजे आबा हाय. मी मुद्दाम कोंबड्याच्या आधी द्यायचो. बिचारी झोपेतच उलटा फोन करून म्हणायची, "आबा, चहा खरंच झाला का?"

कमल सांगायची, "कॉल चुकला तर मॅडम घरी येती."

मी म्हणायचो, "बघू."

*

अन् एका सकाळी माझा फोन म्हशीच्या हौदात पडला. मी आपला अंगणात शेंगा फोडत बसलो. ऊन चढायच्या आत मॅडमची स्कूटी दारात. हेल्मेट डोक्यावर तसंच. मला बघितलं अन् मटकन ओट्यावर बसली.

मला कुठलं गप बसवतंय. म्हणलं, "फोन हौदात पडला, मॅडम. एवढं कशापायी घाबरायचं? मी मेलो असतो तर तुमची नोकरी थोडीच जाणार व्हती?"

तिनं हेल्मेट काढलं. डोळे पुसले. माझ्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा उचलल्या.

"झालं आबा? आता खरं सांगा. फोन पडला, का तुम्ही टाकला?"