हलकं पेडल

तात्यासो मगदूम म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात त्यांचं गॅरेज आहे आणि माझी रेसची गाडी तेच सांभाळतात. गाडी उत्तम सांभाळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार बाकी सगळ्याबद्दल आहे.

तात्या मूळचे हुपरीचे. घरात चांदीचं काम. पैंजण घडवायचे थोरल्या भावांनी आणि उजाळायचे धाकट्यानं, त्यामुळं पोरवयापासून यांच्या हातात ब्रश आणि रिठ्याचं पाणी. पुढं चांदी सोडून इंजिनं धरली, पण हाताची खोड काही सुटली नाही. गाडीतून कुठलाही नग काढला की तो आधी पॉलिशच्या चाकावर धरून लख्ख करायचा, मग त्यात काय बिघडलंय ते बघायचं. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असतं आणि हे त्याच्या मोपेडचा कार्ब्युरेटर चमकवत बसलेले असतात. बोललं तर म्हणतात, "घाण नगाला हात लावायला मला न्हाय जमत, पावणं."

मला हे सगळं ठाऊक होतं. तरी शुक्रवारी मी चहा आणायला गेले, हीच चूक.

झालं असं की सरावात क्लचचं पेडल एकदम तळाला गेलं आणि वर येईना. पेडल दाबलं की नळीतून तेल जातं आणि गिअरबॉक्सजवळचा एक छोटा सिलिंडर क्लचचा दांडा ढकलतो. त्याला स्लेव्ह सिलिंडर म्हणतात, तात्या 'खालचा सिलिंडर' म्हणतात. तो आतून चिरला होता आणि तेल गळत होतं. नवीनच टाकायला हवा होता.

रविवारी मोसमातली शेवटची शर्यत होती. पहिल्या तिघांत आले तर पुण्याची एक टीम पुढच्या वर्षी मला त्यांच्या गाडीत बसवणार होती. त्यांचे मॅनेजर राजवर्धन सरनोबत स्वतः बघायला येणार होते. अशी संधी परत दारात येईल याची खात्री नव्हती. म्हणून स्कूटरवरून पडून दुखावलेला डावा गुडघा मी सगळ्यांपासून लपवला होता. घरच्यांपासून, टीमपासून आणि तात्यांपासूनही. दुखऱ्या पायाची ड्रायव्हर कोण घेणार?

पुण्याच्या स्पेअर पार्टवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सिलिंडरवर नंबर असेल, तेवढा वाचून दाखवा, लगेच पाठवतो." मी चहाचे कप घेऊन गॅरेजात आले. सिलिंडर तात्यांच्या तळहातावर आरशासारखा चमकत होता.

"तात्या, याच्यावरचा नंबर?"

"नंबर व्हय? हुता कायतरी उठावदार. गंजलेला हुता, घासला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी परदेशातून आलेली, माझ्या आधी तीन-चार हातांतून फिरलेली, तिचे मूळ कागद कुणाकडं नाहीत. त्या एका नंबरावर सगळं अवलंबून होतं आणि यांनी तो पुसून टाकला होता. मी तोंडाला येईल ते बोलले. तात्यांनी शांतपणे चहा संपवला आणि म्हणाले, "वरडून नंबर उगवतोय का? माप घेऊया की."

मापं मीच घेतली. आतला व्यास एकोणीस मिलिमीटर, दोन बोल्टमधलं अंतर, नळीचा आटा. मग आम्ही सिलिंडर घेऊन आकाराम शिंदेंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. कोल्हापुरात एखादी वस्तू काउंटरवर ठेवून 'ही कशाची?' असं विचारू नये. आकाराम काही बोलायच्या आधीच दुकानातली चार गिऱ्हाइकं पुढं सरसावली. एक म्हणाला जीपची, दुसरा म्हणाला टेम्पोची, तिसऱ्यानं आपल्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची शपथ घेतली. आणि आमचे तात्या? मापं बाजूला ठेवून ते सगळ्यांना सिलिंडरची चकाकी दाखवत होते. उजेडात फिरवून फिरवून.

आकारामनं शेवटी दोन नग काढून दिले. बोल्ट दोन्हींचे जुळत होते, आटाही जुळत होता. एक एकोणीसचा, दुसरा बावीसचा. "एकोणीसचाच बसवायचा," मी तात्यांना बजावलं. "व्हय, व्हय," तात्या म्हणाले आणि दोन्ही पिशवीत टाकले.

शनिवारी गाडी तयार होती. पेडल दाबून बघितलं तर लोण्यासारखं मऊ. मी खूश झाले. इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि सगळ्या गॅरेजला कळेल असा खर्रर्र आवाज झाला. परत टाकला, परत तोच आवाज. क्लच सुटतच नव्हता.

मी उतरून गाडीखाली वाकून बघितलं. बावीसचा बसवला होता.

"तात्या, मी काय सांगितलं होतं?"

"आगं, ह्यानं पेडल हलकं हुतंय."

"हलकं होतं, पण दांडा कमी ढकलला जातो. क्लच अर्धाच सुटतो. हे तुम्हाला माहीत नाही?"

"म्हाईत हाय की. वाटलं, भागंल." आणि वर म्हणतात, "जरा हलकं असल्यालं बरं."

भागेल. उद्या शर्यत आणि हे भागवणार. गाढवापुढं वाचली गीता, असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांनी ते ऐकलंही. त्यांनी बावीसचा काढला आणि एकोणीसचा बसवला. आता नळीतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खालचा स्क्रू उघडायचा आणि बंद करायचा. मी आत बसायला निघाले तर तात्यांनी हात आडवा केला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "राजमती, जरा ये गं."

काकू आल्या. मी बघतच राहिले. तात्यांनी बायकोला धरून रेसच्या गाडीत बसवलं. काकूंनी साडी गुडघ्यांत गोळा केली आणि विचारलं, "ह्यात ब्रेक कुठला?"

"तुला ब्रेकशी काय करायचंय? डाव्या पायाचं दाब."

"तात्या, मी बसते की," मी म्हणाले. "काकूंना कशाला त्रास?"

"तू गप उभी ऱ्हा."

दाब, सोड, दाब, सोड, असं चालू असताना काकूंनी आभाळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, दिवस मावळायला आला, जेवायचं बघा. झालं. तात्या जैनांचा नेम पाळतात, सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय तोंडात काही घेत नाहीत. स्क्रू घट्ट केला, हात धुतले आणि दोघं जेवायला गेले. अर्धवट गाडीपाशी मी एकटी चरफडत बसले. ते परत आल्यावर मी पेडलकडं वळले, तर काकू पुन्हा माझ्या आधी आत.

पण रविवारी गिअर पडला तो बिनआवाजाचा. पेडल जड होतं, गुडघ्यातून कळा येत होत्या, तरी मी तिसरी आले. गाडीतून उतरताना दात आवळून हसले. सरनोबत पुढं आले, हात मिळवला आणि म्हणाले, "वेलकम. बुधवारी पुण्याला या."

मी थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या मागून तात्यांचा आवाज आला.

"सायेब, एक सांगायचं हाय. पोरीचा डावा गुडघा दुखतोय. दोन म्हैनं झालं, उतरताना उजव्या पायावर भार देतीया. तुमच्या गाडीचं पेडल जरा हलकं ठेवा."

सरनोबतांनी माझ्या पायाकडं बघितलं. चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "हे आम्हाला कुणी बोललं नव्हतं," ते म्हणाले. "आधी डॉक्टरांचा रिपोर्ट आणा. मग बोलू." आणि ते निघून गेले.

मी तात्यांवर अक्षरशः तुटून पडले. त्यांना कुणी विचारलं होतं? सगळं हातात आलं होतं, मी इतके दिवस लपवलं होतं, आणि यांनी एका वाक्यात त्यावर पाणी फिरवलं होतं. माझा आवाज चिरकला, लोक बघायला लागले. तात्या म्हणाले, "व्हय, चुकलं आसंल. पर त्यास्नी न्हाय सांगितलं, तर तिथं तुझ्या पायाकडं बघणार कोण?"

मला बोलायचं होतं, अजून कितीतरी बोलायचं होतं. पण पुण्यात तात्या नसणार, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.