काळीची पाच अंडी

देवबागच्या राधाबाई अबोला धरत, तेव्हा तो पाळतही नेटाने. नवऱ्याशी, गंगारामांशी, धरलेला अबोला एकदा अख्खा श्रावण चालला होता. शेजारच्या अ‍ॅनीबायशी मात्र पंधरा महिने होत आले होते. कारण अ‍ॅनीबायचा कोंबडा. राधाबाईंच्या होमस्टेतले पाहुणे दुपारी मासे जेवून आडवे झाले, की तो नेमका त्यांच्या खिडकीखाली येऊन आरवायचा. एका दुपारी राधाबाईंनी त्याला चप्पल फेकून मारली. कोंबडा वाचला. चप्पल अ‍ॅनीबायने वाळत घातलेल्या जवळ्यात जाऊन पडली.

तेव्हापासून दोन अंगणांमधल्या चिऱ्याच्या गडग्यावरून, त्या बुटक्या भिंतीवरून, फक्त कोंबड्या ये-जा करत.

आणि मग मुंगसाने काळीला नेलं.

काळी म्हणजे राधाबाईंची उलट्या पिसांची कोंबडी. जन्मभर वादळात उभी असल्यासारखी दिसायची. लग्नानंतर राधाबाईंनी माहेराहून तिची पणजी की खापरपणजी पिशवीत घालून आणली होती, आणि तेव्हापासून दर पिढीत एक तरी उलट्या पिसांची निघाली होती. त्या वंशाची आता काळी एकटीच उरली होती. ती गेली. मागे राहिली तांदळाच्या डब्यातली पाच अंडी. फार तर आठवडाभर त्यांच्यात जीव, पुढे आमलेट.

राधाबाईंच्या उरलेल्या दोन कोंबड्यांपैकी एकही खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणारी, नव्हती. खुडूक होती ती अ‍ॅनीबायची फिलू. चार दिवस गडग्यापलीकडून तिचं ‘खूड-खूड’ ऐकू येत होतं.

"जा, इचार तिका," गंगाराम म्हणाले.

"मी? जीव गेलो तरी नाय!"

"जीव काळयेचो गेलो. तुझो आसा. म्हणान तूच जा."

संध्याकाळी राधाबाई पदरात पाच अंडी घेऊन गडग्याशी उभ्या राहिल्या. पलीकडे अ‍ॅनीबाय अंगण झाडत होत्या. फिलू पायरीवर अंग फुगवून बसली होती. राधाबाईंनी थेट फिलूकडे बघितलं.

"फिलू, गो बाय, तुझ्या मालकिणीक सांग, माझ्या काळयेक मुंगसान खाल्ल्यान."

खराटा थांबला.

"फिलू, तिका सांग, माका ठाऊक आसा. पिसां हयसर उडान इली. वायट वाटला."

"तिका सांग, काळयेची पाच अंडी आसत."

"तिका सांग, अर्धेलीन आसात तर घेवन ये म्हणान."

फिलू मान वळवून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. अर्धेलीचा रिवाज दोघींना पाठ होता. अंडी एकीची, कोंबडी दुसरीची, पिल्लं निम्मी निम्मी. राधाबाईंनी मान डोलावली. तीही फिलूकडेच बघून.

अ‍ॅनीबायने पाटीत पेंढा अंथरला. विजेच्या कडकडाटाने अंडी नासू नयेत म्हणून तळाला जुनी बिजागरी ठेवली. पाटीत जागा होती, आणि अंडी विषम संख्येतच ठेवायची असतात, म्हणून स्वतःची सहा घालून अकरा केली. कोणाचं कुठलं यावरून पुढे भांडण नको, म्हणून आपल्या सहांवर कोळशाने क्रूस काढले. राधाबाईंनी गडग्यावरून हात लांब करून आपल्या पाचांना कुंकू लावलं. दोघींनाही आपल्या हुशारीचं फार बरं वाटलं.

सातव्या दिवशी अ‍ॅनीबायने मोबाइलच्या उजेडात अंडी बघितली.

"फिलू, तिका सांग, कुंकवाच्या तिनांत लाल शिरो दिसतत."

"तिका सांग, पाचय नीट बघ म्हणान. चष्मो लाव म्हणान!"

"तिका सांग, चष्मो लावनच बघतंय. येवन बघ म्हणान तूच!"

एकविसाव्या दिवशी राधाबाई गडगा चढून आल्या. पाटीतून ‘चिव’ आलं, मग टकटक. दोघी गुडघ्यांवर बसल्या. दुपारपर्यंत फिलूच्या पंखांखालून सात ओली डोकी बाहेर आली. सगळी पिवळी, सगळी गुळगुळीत, सगळी सारखी. अ‍ॅनीबायने टरफलं वेचली. क्रूसवाली चार, कुंकवाची तीन.

"तीन काळयेची," त्या म्हणाल्या.

"खंयची तीन?"

दोघींनी पिल्लांकडे बघितलं, मग टरफलांकडे. खुणा टरफलांवर होत्या. टरफलं पिल्लांनी सोडून दिली होती.

"खुणा करूची अक्कल तुझी!" राधाबाई कडाडल्या.

"आणि कुंकू कोणी लावल्यान? माझ्या फिलून?"

"तुका नाय सुचला, पिलू भायर येतला ता?"

"तुका सुचला? बत्तीस वर्सां कोंबयो पाळतंस मा?"

गडग्यापलीकडे गंगारामांनी हातातला चहा खाली ठेवला.

"बोलूक लागल्यो!" ते पाहुण्यांना म्हणाले. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उपाय एकच होता, पिसं फुटेपर्यंत थांबणं. उलटी फुटली तर काळीचा वंश राहिला, सरळ फुटली तर संपला. राधाबाई रोज सकाळी चष्मा लावून अ‍ॅनीबायच्या पायरीवर बसू लागल्या. कणीचे दाणे तळहातावर धरायच्या आणि जे पिल्लू जवळ येईल ते उचलून पंख फाकवायच्या. एक पिल्लू कावळ्याने नेलं. त्या दिवशी त्यांनी जेवायचं नाव काढलं नाही. कुणाचं नेलं हेही कळत नव्हतं, म्हणून रडायचं किती हेही ठरेना.

मग पिसं येऊ लागली. पहिलं सरळ. दुसरं सरळ. तिसऱ्या आठवड्यात पाच पिल्लं बघून झाली, पाचही सरळ. अ‍ॅनीबाय एकदाही ‘ता माझा’ म्हणाल्या नाहीत.

उरलं ते सगळ्यांत बारकं, जे सगळ्यांच्या मागून धावायचं आणि पाण्याच्या करवंटीत पडायचं. राधाबाईंनी त्याला चार दिवस हातच लावला नाही. पाचव्या दिवशी अ‍ॅनीबायनेच पकडून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बघ."

"तू बघ."

"राधा, बघ गो!"

राधाबाईंनी पंख फाकवला. तीन पिसं. तिन्ही मुळापासून वर वळलेली, केस विस्कटून झोपेतून उठलेल्या पोरीसारखी. पिल्लाने त्यांच्या बांगडीवर चोच मारली.

"काळयेचा," त्या एवढंच म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.

जरा वेळाने अ‍ॅनीबाय म्हणाल्या, "कोंबो निघालो तर?"

"निघांदे. तुझ्यो कोंबयो आसत मा."

पिल्लू पदरात गुंडाळून त्या उठल्या.

"खंय नेतंस?"

"घराक."

"आवशीक सोडून? थय तुझी मांजर आसा, वर कावळे आसत. दोन दिस टिकाचा नाय."

राधाबाई थबकल्या. गडग्याकडे बघितलं, पिल्लाकडे बघितलं, माडावर बसलेल्या कावळ्याकडे बघितलं. मग पिल्लू फिलूपाशी सोडलं, कोपऱ्यातला माडाचा पिडा, झावळीचा जाड दांडा, उचलला आणि पायरीवर मांडी ठोकून बसल्या.

"गो राधा!" पलीकडून गंगाराम ओरडले. "जेवणाचा काय?"

"टोपात आसा! वाढून घे!" राधाबाई म्हणाल्या आणि कावळ्याला पिडा दाखवला. "माका हयसर काम आसा."

"किती दिस?"

अ‍ॅनीबायने आतून तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

"दोन म्हयने!" त्याच म्हणाल्या.