बॅनर काढून आणा

जीपचं वय झालं, असं समितीच्या बैठकीत सात जण म्हणाले. बोनेट उघडून त्यांच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं. माझं डोकं फिरलं ते तिथेच.

चिंचवड स्टेशनच्या मागे, एका जिन्याखालच्या खोलीत आमचं कार्यालय. आम्ही कंत्राटी कामगारांसाठी काम करतो. पत्रकं काढतो, चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना वाटतो, जीपवरच्या भोंग्यातून बोलतो. पत्रकं लिहिते मी. जीप समितीची, चालवतात काका. काका माझ्या नात्यातले नाहीत. चिखलीच्या जुन्या गावातले. त्याच कंपनीत त्यांनी बावीस वर्षं इंजिनं तपासली आणि एक दिवस साहेबाने सांगितलं, तुमचं वय झालं, नवीन मशीन तुम्हाला झेपणार नाही. त्या गेटवर आम्ही कितीही वेळ उभे राहिलो तरी काका जीपमधून खाली उतरायचे नाहीत. "मी डायवर हाय. घोषणा तुमच्या," म्हणायचे.

तर ही जीप तापत होती. चिखलीहून निघालं की तळवड्याच्या चौकापर्यंत काटा लाल रेघेला टेकायचा, बोनेटमधून वाफ यायची आणि आम्ही रस्त्याच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. तोवर तीनची शिफ्ट सुटून बसमध्ये बसलेली असायची. रिकाम्या गेटवर वॉचमनला एक पत्रक द्यायचं नि परत यायचं, असं ओळीने तीनदा झालं.

अध्यक्ष म्हणाले, "रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. आपण भाड्याची गाडी घेऊ, ड्रायव्हरसकट."

ड्रायव्हरसकट! म्हणजे काकाही भंगारात. काकांनी चपलांकडे बघत "बरं" म्हटलं. बावीस वर्षांनंतर साहेबासमोरही त्यांनी असंच "बरं" म्हटलं असणार.

"वय हे कारण नाही," मी म्हणाले. "कारण सांगा."

"अगं, तुला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे तरी कळतं का?"

"नाही कळत. तुम्हालाही नाही कळत. मग निकाल कशाच्या जोरावर देताय?"

थोडी तणतण झाली. शेवटी ठरलं, शनिवारी वेळेवर गेटला पोचली तर जीप राहील. नाही पोचली तर रविवारी जाईल.

चिखलीत काकांच्या ओळखीचं गॅरेज आहे. फोन केला तर गॅरेजवाला म्हणाला, "आणा की. पण तेवढं बॅनर काढून आणा. कंपनीतली लोकं गाड्या लावतात माझ्याकडं, उगा माझ्या पोटावर पाय नको."

बॅनर म्हणजे लाल कापड, त्यावर पांढऱ्या अक्षरात मी लिहिलेलं: "काम कायम, मग कामगार हंगामी का?" जीपच्या तोंडावर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत ताणून बांधलेलं. तिथे का? तर हातात धरायला कुणी तयार नव्हतं. गेटवर कॅमेरे. आज फोटोत दिसलं की उद्या ठेकेदार सांगणार, येऊ नकोस. मग बैठकीत मीच म्हणाले होते, जीपवर बांधू, जीपला कोण कामावरून काढणार आहे? टाळ्या पडल्या होत्या. त्याच लोकांनी आता जीपला काढायचं ठरवलं होतं.

गॅरेजच्या रस्त्याला लागण्याआधी आम्ही दात-ओठ खात बॅनर सोडला, घडी घातली, मागच्या सीटवर ठेवला. गॅरेजवाल्याने इंजिन तासभर चालू ठेवलं. काटा मधोमध.

"कुठं तापतीय? तुमचं भाषण तापत आसंल, ताई."

तरी त्याने पाण्याचे पाइप चाचपले, पट्टा ओढून बघितला, रेडिएटरचं झाकण बदललं. दुसऱ्या दिवशी बॅनर बांधून चाकणला निघालो. तळवड्याच्या चौकात पुन्हा वाफ. गेटवर पोचलो तेव्हा शेवटची बस वळत होती. चिडून मी बॅनर तिथेच सोडवून सीटवर टाकला, कारण तो बघायला तिथे होतं कोण? येताना जीप शहाण्यासारखी आली.

"दुपारचं ऊन होतं म्हणून तापली असेल," मी म्हणाले.

"ऊन गॅरेजात बी व्हतं की," काका म्हणाले. "उनाला कशाला नावं ठेवतीस?"

इंजिनाच्या बाबतीत काका वेगळेच माणूस होते. बैठकीत "बरं" म्हणणारा माणूस बोनेट उघडलं की कुणाचं ऐकायचा नाही. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची, पोरी. दोन बदलल्या की खरी कुठली ती कळत न्हाई." त्यांनी इंजिनातला थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढून घरी नेला आणि काकूंच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात सोडला. झडप उघडते का बघायला. झडप व्यवस्थित उघडली. काकूंनी पातेलं बाहेर ठेवलं आणि काकांनाही ठेवायचं बोलून दाखवलं.

शुक्रवारी आम्ही पुन्हा गॅरेजात. बॅनर पुन्हा सीटवर. तपासायचा राहिला होता पंखा. इंजिन चालू करून काका म्हणाले, "एखादा कागद दे गं."

माझ्याकडे कागद म्हणजे पत्रकंच. काकांनी एक पत्रक पुढच्या जाळीसमोर धरलं. हातातून हिसकावून घेतल्यासारखं ते आत ओढलं गेलं आणि जाळीला चप्प चिकटलं.

"वाचतंय बघा रेडिएटर तुमचं," गॅरेजवाला हसला. "पंखा झकास हाय. कसला वारा ओढतोय!"

मी हसले नाही. मी त्या पत्रकाकडे बघत होते. एवढासा कागद, आणि त्याच्यामागे इंजिन श्वास ओढतंय.

"काका, इथे कागदाच्या जागी आख्खं कापड असलं तर?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग मागच्या सीटकडे. गॅरेजवाल्याने रस्त्याकडे बघितलं, कुणी येत नव्हतं. हळूच म्हणाला, "आणा ते."

त्या गॅरेजात बॅनर पहिल्यांदाच जीपवर चढला. माझ्या नेहमीच्या गाठी मारल्या, कापड ताणून बसवलं. काटा चढायला लागला. काकांनी ॲक्सिलरेटर दाबून धरला, काटा लाल रेघेच्या जवळ गेला. "काढा, काढा, कळलं!" गॅरेजवाला ओरडला. कापड सोडलं, आणि थोड्या वेळाने काटा मुकाट्याने खाली आला.

जीपचा गळा आवळत होते मी. घोषणा माझी, जागा माझी, गाठीही माझ्याच. आणि गॅरेजात येताना दर वेळी आम्ही गॅरेजवाल्याच्या भीतीपायी आजारच दाराबाहेर सोडून येत होतो.

काकांनी कापडाची घडी घातली. मग म्हणाले, "बावीस वर्सं इंजिनं तपासली, आन् ह्ये नाकासमोर व्हतं. आमी त्याच्याकडं कापड म्हणून बघितलंच न्हाई."

अध्यक्षांना फोन केला. ते खूश झाले. "मग सोपंय. बॅनर काढून टाका. भोंगा आहे, पत्रकं आहेत."

"बॅनर जीपवरून निघेल. गेटवरून नाही निघणार."

"धरणार कोण?"

"एक टोक मी."

"आणि दुसरं?"

मी फोन ठेवला आणि दोन बांबू आणले.

शनिवारी तळवड्याचा चौक आला. नेहमीसारखी कोंडी, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मी काट्यावरून नजर हलवली नाही. काकांनी दोनदा काट्याच्या काचेवर टिचकी मारून बघितली. काटा मधोमध. तीनला वीस मिनिटं कमी असताना आम्ही गेटसमोर होतो. मी अध्यक्षांना फोन लावला आणि जीपचा हॉर्न ऐकवला.

मग खाली उतरले, एक बांबू रोवून धरला. दुसरा आडवा पडलेला, कापडाचं दुसरं टोक धुळीत. अर्धीच घोषणा दिसत होती: "काम कायम". कंपनीला आवडेल अशी! केबिनमधला वॉचमन बाहेर आला, मोबाइल काढला, माझ्यावर रोखला. काढ फोटो, मी मनात म्हटलं. हलले नाही.

मागे जीपचं इंजिन बंद झालं. दार वाजलं.

काका पायजम्याला हात पुसत आले, त्याच गेटकडे तोंड करून वाकले आणि धुळीतला बांबू उचलला. कापड ताणलं गेलं. वॉचमनने मोबाइल त्यांच्याकडे वळवला आणि थबकला. ओळख पटली असावी.

"थांबलास का, राव? काढ नीट," काका म्हणाले. "आन् मागची जीप बी येऊ दे फोटोत. तापत न्हाई ती. सांग साहेबाला."

आत शिफ्टचा भोंगा झाला.